दुपट्ट्याखालचा सौदा

नेरच्या सदाशिवरावांनी अडीच महिन्यांत चार माणसं पळवून लावली. खाटेवर पडल्या पडल्या, उजवी बाजू लुळी असताना आणि तोंडात एकच शब्द शिल्लक असताना हे जमवलं, म्हणजे माणूस काही साधा नव्हता. पण यवतमाळच्या ब्युरोत बसणाऱ्या राजकुमारला त्यांचं कौतुक वाटत नव्हतं. आजारी-म्हाताऱ्यांच्या सेवेला घरोघरी माणसं पाठवणं हे त्याचं काम, आणि पाठवलेलं माणूस आठ दिवसांत बॅग घेऊन परत दारात उभं राहिलं की त्याचं डोकं दुखायला लागायचं. आता पाचवी पाळी वर्षाची होती.

“चौघं काहून पळाले?” वर्षानं विचारलं.

राजकुमारनं फाइल तिच्यासमोर सरकवली आणि स्वतः पंख्याकडे पाहू लागला. चार कागद, चार वेगवेगळी अक्षरं, पण कारणाच्या रकान्यात चौघांनीही एकच लिहिलं होतं: हात धरतात.

“असं होय,” वर्षा म्हणाली. “मंग पहिल्यांदा धरला त सोडवीन. दुसऱ्यांदा धरला त मुरगाळीन.”

“मुरगाळू नको बाप्पा! एकच हात चालू हाय त्यायचा.”

वर्षानं चौथा कागद पुन्हा पाहिला. “हा ओम म्हंजे आपला ओम? दाढीवाला?”

“हाव.”

“त्याचाबी हात धरला?”

“म्हातारपणी नीट दिसत नाही माणसाले,” राजकुमार म्हणाला आणि विषय बदलला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सदाशिवरावांचा मुलगा अमर पुण्याहून येणार होता. तोवर वर्षा टिकली आणि म्हाताऱ्याचं वजन वाढलं तर ठीक, नाहीतर नागपूरच्या एका संस्थेत खाट ठरवून ठेवलेली होती. तिथं साठ म्हातारे एका छपराखाली राहत होते आणि प्रत्येकाच्या मनगटावर नंबरची पट्टी होती. “तेवीस दिवस हायेत तुले,” राजकुमार म्हणाला. “पाहा बाई, काय होते ते.”

वर्षा बोरी अरबकडच्या एका तांड्यावरची. सव्वीस वर्षांची, उंचीनं बेताची आणि जिभेनं तिखट. सहा महिन्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट मिळवणारी तांड्यातली ती पहिलीच. कोर्सला उज्ज्वला मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की खाटेवर रोग नसतो, माणूस असतो; म्हणून कामाच्या घरी गेल्यावर आधी विचारायचं, हा माणूस पडण्याआधी सकाळी उठून कुठं जायचा? वर्षानं ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. परीक्षेत मात्र ताप, नाडी आणि चार्ट एवढंच आलं, त्यामुळे लाल शाई वहीतच राहिली.

नेरचं घर बसस्टँडपासून दहा मिनिटांवर होतं. स्लॅबचं, समोर मोठा ओटा, ओट्यापुढे रस्ता. दारात विमलताई उभ्या होत्या, सदाशिवरावांच्या पत्नी. त्यांनी वर्षाला आधी चहा दिला, मग बिस्किटं दिली, मग आणखी चहा दिला. सांगायचं होतं ते ओठापर्यंत येत होतं आणि चहाच्या घोटाबरोबर पुन्हा खाली जात होतं.

“पोरी, तू जरा दुरूनच काम कर,” शेवटी त्या म्हणाल्या. “अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला म्या. पराई बाई समोर आली त या माणसानं नजर वर नाही केली. आन् आता या वयात असं... कापड दिसलं का हातावर वढते आन् त्याच्याखाली हात धरते. शेजारपाजारचे भेटाले येत, त त्यायलेबी मी आता झोपले म्हनून सांगून देते. कोनाले तोंड दाखवू?” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

वर्षाला त्यांची दया आली. पण घरातली व्यवस्था पाहून हसूही आलं. विमलताईंनी घरातले सगळे टॉवेल, पंचे, चादरी लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती. आंघोळीनंतर सदाशिवरावांना पुसायचं ते जुन्या लुगड्याच्या एका पट्टीनं, आणि पट्टीची दोन टोकं दोघींनी दोन बाजूंनी धरायची. नवऱ्याला पुसणं चाललंय की गच्चीवर चादर वाळत घालणं चाललंय, ते कळू नये असा तो प्रकार होता.

सदाशिवराव म्हणजे लांबलचक देह, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि वजन अठ्ठेचाळीस किलो. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही. एकच शब्द उरला होता: “हट!” पाणी हवं, हट. पाणी नको, हट. पंखा लावा, पंखा बंद करा, अमरचा फोन आलाय, सगळ्याला हट. वर्षानं पहिल्या दिवशी नमस्कार केला तेव्हाही त्यांनी हटच म्हटलं, पण जरा हळू.

भिंतीवर ब्युरोचा चार्ट टांगला होता. आठला आंघोळ, साडेआठला वाटीभर दलिया, दहाला व्यायाम, बाराला मऊ खिचडी, आणि झालेल्या प्रत्येक कामापुढे खूण करून त्याचा फोटो राजकुमारला पाठवायचा. वर्षा कामाची चोख होती. आठ म्हणजे आठ. तिनं दोन दिवस चार्ट पाळला आणि दोन्ही दिवस हरली. आंघोळीचं पाणी तिच्या अंगावर आलं, दलिया भिंतीवर गेला, व्यायामाच्या वेळी सदाशिवरावांनी डोळे मिटून घोरायचं सोंग घेतलं. दोन दिवसांत त्यांच्या पोटात दलियाचे जेमतेम तीन चमचे गेले असतील. वर्षाला नागपूरची ती खाट डोळ्यांसमोर दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी ती दलिया भरवायला वाकली आणि तिची ओढणी घसरून सदाशिवरावांच्या डाव्या हातावर पडली. पुढच्या क्षणाला ओढणीखाली त्यांनी तिचा हात धरला.

वर्षानं दात ओठ खाल्ले. मुरगाळायचंच, असं ठरवून तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती थबकली. सदाशिवराव तिच्याकडे पाहतच नव्हते. ते खिडकीतून बाहेर, विजेच्या खांबावर बसलेल्या कावळ्याकडे पाहत होते. चेहरा अगदी कोरा होता, जणू तो हात त्यांचा नव्हेच. आणि ओढणीखाली त्यांनी तिची दोन बोटं धरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

असा चेहरा वर्षानं पाहिला होता. लहानपणी शंभरदा पाहिला होता. तिचा आजा हरिसिंग, ती त्याला दादा म्हणायची, बैलांचा व्यापार करायचा. वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडले, पुढे शेती आली, तरी आज्याचा जीव बैलांतच राहिला. तो नातीला बाजारात घेऊन जायचा. तिथं दोन माणसं समोरासमोर उभी राहत, हातांवर दुपट्टा टाकत आणि त्याच्याखाली बोटांनी भाव ठरवत. भोवती बघे कितीही असोत, भाव त्या दोघांनाच ठाऊक. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. तळहातावर नख ओढलं की अर्धा. मूठ मिटली की सौदा नाही. अंगठ्यानं अंगठा दाबला की पक्का. आणि सौदा चालू असताना चेहरा असा ठेवायचा की माणूस नुसता कावळे मोजतोय. थंडीच्या दुपारी आज्यानं हे सगळं तिला बोरं घेऊन शिकवलं होतं. दहा बोरं मागायची आणि सातावर तोडायचं; भाव ठरला की तो ‘तुटला’ म्हणायचं.

वर्षानं चमचा वाटीत टाकला. मग हळूच, ओढणीखाली, तिनं सदाशिवरावांची चार बोटं धरून दाबली.

सदाशिवरावांची मान एकदम वळली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या डोळ्यांत पाहिलं असेल. “हट?” ते म्हणाले, आणि त्या शब्दात इतकं आश्चर्य होतं की वर्षाचे डोळे भरून आले. बिचारा माणूस! तोंड बंद पडलं तेव्हा त्यानं दुसरी भाषा काढली, आयुष्यभर जिच्यावर भाकर कमावली ती. आणि चौघांनी ती फाइलमध्ये लिहून टाकली.

मग त्यांनी पुन्हा कावळ्याकडे तोंड केलं आणि दोन बोटं दाबली. तिनं चार. त्यांनी दोन आणि वर नख, म्हणजे अडीच. तिनं तीन. त्यांनी जरा वेळ घेतला, उगाच, कारण सौद्यात वेळ घ्यावाच लागतो, आणि मग तिच्या अंगठ्यावर अंगठा दाबला. तोंड उघडलं. एक, दोन, तीन चमचे दलिया शहाण्या लेकरासारखे गिळले.

इथंच वर्षानं घोटाळा केला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, सदाशिवरावांचं लक्ष तिकडे गेलं, आणि तिनं संधी साधून चौथा चमचा तोंडात सारला. मनात हेतू चांगलाच होता, वजनाचा. पण सदाशिवरावांनी तो चमचा मिशांवरून खाली सोडला, हात ओढून घेतला, मूठ घट्ट मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारची खिचडी गेली, चारचा चहा गेला, मूठ काही उघडेना.

संध्याकाळी वर्षानं ओट्यावर बसून आज्याला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

“नेरचे सदाशिव दलाल?” हरिसिंग फोनवरच ओरडला. “लांब मिशावाले? अवं छोरी, त्यायच्या हातानं म्या तीन जोड्या इकल्या! पुरा बोरीचा बाजार त्यायले माने. आन् तू त्यायच्याशी चोरी केली?”

“एकच चमचा त टाकला, दादा.”

“एक चमचा का एक बैल, सौद्यात चोरी ते चोरी. त्या मानसानं दुपट्ट्याखाली कवाच खोटं नाही केलं. आन् मले सांग, दलियाच खायचा हे कोन ठरवलं?”

“कोन म्हंजे... चार्टमधे वाटीभर दलिया लिहून हाय. मंग म्या तेच...”

“तोंड कोनाचं हाय?”

“त्यायचं.”

“पोट कोनाचं?”

“त्यायचंच.”

“मंग मालकाले बोलू दे ना आंधी! दुसऱ्याच्या बैलाचा भाव आपन सोताच सांगतो का बाजारात? कोनी जोड्यानं मारन.” आणि मग आवाज खाली आणून आज्यानं विचारलं, “लय दुबळे झाले का वं ते?”

“लय,” वर्षा म्हणाली.

“इसार दे त्यायले, भरोशाची काई खूण ठेव हातावर. मोडलेला सौदा इसार दिल्याबिगर जुळत नसते. आन् माहा राम राम सांग.”

फोन ठेवल्यावर वर्षाला स्वतःचीच लाज वाटली. लाल शाईनं लिहिलेला प्रश्न तिनं या घरात विचारलाच नव्हता. ती उठून स्वयंपाकघरात गेली, विमलताई पोळ्या लाटत होत्या.

“आजी, आबाजी पडायच्या आंधी सकाळी उठून कुठं जायचे?”

“कुठं म्हंजे? बाजाराले. घरी वीस एकर पऱ्हाटी, सोयाबीन, पन हा माणूस कधी वावरात रमला नाही. ह्या बाजारातून त्या बाजारात. बैलाचे सौदे करून देत. आता त काय, बैल गेले, ट्रॅक्टर आले, बाजारबी तसे राह्यले नाही.”

“आन् दुपट्टा?”

“खांद्यावर असे ना. पिवळा, लाल काठाचा. तोबी पेटीतच हाय.” विमलताईंचं लाटणं थांबलं. “काहून?”

वर्षानं त्यांच्या पिठानं माखलेल्या हातावर पदर ओढला आणि करून दाखवलं. एक बोट, दोन बोटं, पंजा, नख. आज सकाळी तीन चमच्यांवर कसा सौदा तुटला ते सांगितलं. विमलताई ऐकत राहिल्या. मग पाटावरच बसून हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि तव्यावरची पोळी करपून काळी झाली तरी त्यांना कळलं नाही.

“मले कधी सांगतलं नाही या माणसानं!” त्या म्हणाल्या. “आज केवढ्याचा सौदा केला म्हनून इचारलं त म्हने, दुपट्ट्याखालचा भाव बायकोलेबी सांगत नसते. आन् म्या काय समजली हो माय... म्या त्यायच्यावर पेटीले कुलूप लावलं!” आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून वर्षाच्या हातात दिली.

वर्षानं तो पिवळा दुपट्टा नेऊन सदाशिवरावांच्या मिटल्या मुठीवर ठेवला. “इसार हाय, आबाजी. सकाळी माही चुकी झाली. आन् हरिसिंगनं राम राम सांगतला, मी त्यायची नात.”

सदाशिवरावांनी दुपट्टा नाकाशी नेला. कडब्याचा, धुळीचा, बाजाराचा कसला वास त्यात उरला होता ते त्यांनाच ठाऊक, पण ते ढसाढसा रडले. विमलताई खाटेच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी त्यांच्या मिशा पदरानं पुसल्या, अडीच महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. थोड्या वेळानं दुपट्टा पसरला गेला. वर्षानं खाली हात दिला आणि या वेळी बोटं ढिली सोडून नुसतं विचारलं, “बोला मालक. दलिया?”

मूठ.

“खिचडी?”

मूठ, जास्त घट्ट.

“ज्वारीच्या कण्या? ताक टाकून?”

पंजा. मग लगेच दुसऱ्यांदा पंजा. दहा चमचे! हा माणूस अन्नाला नाही म्हणतच नव्हता, दलियाला म्हणत होता. आणि हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. विमलताई कण्या शिजवायला अशा धावल्या की त्यांचे गुडघे दुखतात हे कोणाला खरं वाटलं नसतं.

त्यानंतर त्या घरात रोज सकाळपासून बाजार भरायचा. आंघोळ आठला नाही, अंगणात ऊन आलं की, म्हणजे अकराला. आणि तांबे वीस नाही, बारा. लुळा हात उचलायचा व्यायाम वर्षा दहा वेळा म्हणायची, ते दोन म्हणायचे, सहावर तुटायचं. पण त्या सहाच्या बदल्यात ओट्यावर तासभर बसवायचं, असं कलम त्यांनी घालून घेतलं. खुर्चीत बसून ते रस्त्यानं जाणाऱ्याकडे पाहायचे, लोक राम राम घालायचे, ते रुबाबात हट म्हणायचे. वर्षा कधी जिंकायची, बहुतेक वेळा हरायची. एकदा तिनं गोळीचा सौदा लावला तेव्हा त्यांनी गोळीच्या बदल्यात दोन जिलब्या मागितल्या. तिनं अर्धी कबूल केली, तीही डॉक्टरांना फोनवर विचारून आणि बारीक कुस्करून. चार्टवर खुणा होईनात. वर्षा त्या रकान्यांत मोठ्या अक्षरांत लिहायला लागली: सौदा झाला. सौदा मोडला. उद्यावर गेला. तसले फोटो पाहून राजकुमारचं डोकं पुन्हा दुखायला लागलं.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. घरात बैल उरले नव्हते, पण विमलताईंना सण सोडवेना. बैलांच्या खांद्याला लावतात ती हळद आणि तूप त्यांनी वाटीत कालवलं आणि सरळ नवऱ्याच्या लुळ्या खांद्याला चोळलं. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” त्या म्हणाल्या, बैलांना म्हणतात तसं. सदाशिवराव मिशीत हसले. वर्षा खाटेशी बसून कण्यांचा सौदा करत होती, दुपट्टा दोघांच्या हातांवर होता, सदाशिवराव छताकडे पाहत होते. आणि नेमका तेव्हाच अमर आत आला. मागे वजनाचा काटा काखेत मारून राजकुमार.

अमरनं वडिलांचा हात पाहिला, दुपट्टा पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. “आई, हे अजून चालूच आहे? आणि तू बसून बघतेस?”

“मी रोज बघते,” विमलताई म्हणाल्या. “मजा येते.”

“गाडी बाहेर उभी आहे. नागपूरला आज संध्याकाळपर्यंत पोचवायचंय, मी कळवलंय त्यांना.” अमर वाईट माणूस नव्हता. लाजेनं आणि काळजीनं त्याचं तोंड कडू झालं होतं, एवढंच. लहानपणीच त्याला यवतमाळला होस्टेलवर ठेवलं होतं. बैलबाजार आपल्यापुरता, पोरानं शिकावं, हे सदाशिवरावांचंच म्हणणं. त्यामुळे बापाची ही भाषा त्याच्या कानावर कधी पडलीच नव्हती, आणि फोनवर ती समजावून सांगायला विमलताईंना जमलं नव्हतं.

“हट!” सदाशिवराव म्हणाले. या वेळी तो खरा हट होता.

वर्षाला वाटलं, समजावून सांगावं तर कुठून? मग तिनं सरळ अमरचं मनगट धरून त्याला खाटेशी बसवलं. “भाऊ, तुमाले नागपूरले न्यायचं हाय ना? मंग मले नका सांगू. मालकाशी सौदा करा.” तिनं त्याचा हात दुपट्ट्याखाली घातला आणि घाईघाईनं सगळं सांगितलं: बोटं किती म्हणजे किती, नख म्हणजे अर्धा, मूठ म्हणजे नाही.

अमरला वाटलं, या घरात सगळ्यांनाच काहीतरी झालंय. पण वडिलांचा हात हातात आला होता. किती वर्षांनी आला होता कोण जाणे. तो मुकाट्यानं बसला. “बाबा, सहा महिने. नागपूरला. चांगले डॉक्टर—”

“हट!” दुपट्ट्याखालचा भाव तोंडानं बोलायचा नसतो, एवढंही पोराला कळू नये! अमर ओशाळला. त्यानं तीन बोटं धरली असावीत, कारण सदाशिवरावांची मूठ मिटलेली दुपट्ट्यावरूनसुद्धा दिसली. मग त्यानं एक धरलं असावं. मूठ. राजकुमार काटा छातीशी धरून उभा होता.

मग मूठ उघडली. सदाशिवराव छताकडे पाहत होते, आणि अमरच्या कपाळावर आठी आली. “दोन? माझी दोन बोटं... दोन काय, बाबा?”

सदाशिवरावांनी हनुवटीनं दारातली अमरची बॅग दाखवली. मग भिंतीवरचं कॅलेंडर. मग आपल्या खाटेपुढची जमीन.

“महिन्यातून दोनदा ये म्हनते,” विमलताई हळूच म्हणाल्या.

अमरनं खाली पाहिलं. “दोनदा कसं जमेल,” तो म्हणाला आणि दुपट्ट्याखाली त्यानं एक बोट धरलं असणार, कारण त्यानंतर तो पुन्हा गोंधळला. “हे नख कशाला ओढलं? एक आणि अर्धा... दीड? बाबा, दीडदा कसं येणार? पुण्याहून अर्धी खेप केली तर मी भुसावळलाच उतरीन!”

राजकुमार फिस्सकन हसला. सदाशिवराव निर्विकार होते. वर्षाला मात्र कळलं आणि तिला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. दीड ही खेपच नव्हती, तो दलालाचा जुना डाव होता. आपण अर्धा खाली उतरलो असं दाखवायचं आणि उरलेला अर्धा समोरच्यानं आपणहून टाकायचा.

“बरं,” अमर म्हणाला. “दोन. दोनदा येतो.” सदाशिवरावांचा अंगठा त्याच्या अंगठ्यावर दाबला गेला आणि तिथंच राहिला. थोड्या वेळानं अमरनं दुसऱ्या हातानं मोबाइल काढला आणि नागपूरची खाट नको म्हणून सांगितलं. पहिला हात त्यानं काही बाहेर काढला नाही.

वजन पन्नास किलो भरलं. राजकुमारनं फाइल उघडली, चार्टवरचे ते सौदे पुन्हा वाचले आणि पेन कानामागून काढलं. “आता यात काय लिहू मी? ‘हात धरतात’ खोडून टाकू का?”

“कायले खोडता? खरंच हाय ते,” वर्षा म्हणाली. “त्याच्याखाली लिहा: धरू द्यावा.”

राजकुमारनं खरोखरच तसं लिहिलं. मग अमर त्याला चहाला घेऊन ओट्यावर गेला. विमलताई तेवढ्यात खाटेशी आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि नव्या नवरीसारखा पदर सावरून दुपट्ट्याखाली हात घातला. “अठ्ठेचाळीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “आता मलेबी सांगा भाव.”

सदाशिवरावांनी खिडकीतल्या खांबाकडे तोंड फिरवलं, कावळा नव्हता तरी. दुपट्टा हलला. एकदा, मग पुन्हा, मग बराच वेळ. विमलताईंच्या चेहऱ्यावर आधी लाली आली, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्यांनीही तोंड दुसरीकडे फिरवून चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला, पण ते काही त्यांना जमलं नाही.

“कितीवर तुटला, आजी?” वर्षानं न राहवून विचारलं.

“व्वा! भाव सांगत असते का कोनी?” विमलताई म्हणाल्या. “जाय, चुलीवर कण्या उतू जाऊन राह्यल्या.”